सुरतेची काळी माती
एकोणिसाव्या शतकात लँकेशायरच्या गिरण्या ज्या कापसाला ‘सुरत’ म्हणत, त्याला पोसणारी काळी माती ही ज्वालामुखीची देणगी होय. सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी दख्खनवर पसरलेल्या लाव्हाचा खडक झिजून त्याचा गाळ तापी खाली आणते. लाव्हा जागीच थिजला. वायू मात्र आकाशात गेले. गंधकाच्या वायूपासून बनलेले आम्लकण सूर्यकिरण अडवून हवा थंड करतात, पण काही वर्षांत खाली बसतात. कार्बन डायॉक्साइड शतकानुशतके टिकून उष्णता कोंडतो. आज सर्व ज्वालामुखींहून पन्नासपटींपेक्षा अधिक कार्बन डायॉक्साइड मनुष्याने जाळलेल्या कोळशातून व तेलातून निघतो. तापलेला समुद्र फुगतो, आणि सुरत तर तापीच्या मुखाजवळ, सखल भूमीवर वसलेली. ज्वालामुखीला आवरणे मनुष्याच्या हाती नाही. स्वतःची धुरांडी आवरणे आहे.