तपकिरी रंग वाचताना



स्तनातल्या कर्करोगाच्या गाठीचा अहवाल हाती येतो, तेव्हा त्यात ‘ईआर’, ‘पीआर’, ‘हर-टू’ अशी अक्षरं असतात. पुढचे उपचार बरेचसे त्यांवरच ठरतात.

ही तिन्ही पेशींमधली प्रथिनं. गाठीच्या अतिशय पातळ कापावर आम्ही प्रयोगशाळेत त्या त्या प्रथिनालाच चिकटणारं प्रतिपिंड सोडतो. ते जिथं चिकटतं तिथं तपकिरी रंग उमटतो, आणि बाकीची केंद्रकं निळी दिसतात. मात्र तपकिरी दिसलं की लगेच ‘पॉझिटिव्ह’ म्हणता येत नाही. रंग पेशीत नेमका कुठं आहे, हे आधी पाहावं लागतं.

ईआर केंद्रकात असतं. रंग केंद्रकाबाहेर पसरला असेल तर तो धरत नाहीत. १ टक्का कर्कपेशींची केंद्रकं रंगली तरी ईआर पॉझिटिव्ह. १० टक्क्यांपर्यंत ‘लो पॉझिटिव्ह’ अशी वेगळी नोंद होते. हर-टू पेशीच्या कडेला असतं. १० टक्क्यांहून अधिक कर्कपेशींभोवती गडद, सलग कडं दिसलं तर ३+, म्हणजे पॉझिटिव्ह. कडं पूर्ण पण फिकट असेल तर २+, म्हणजे निर्णय बाकी. मग ‘फिश’ ही जनुकाची तपासणी करतात. १९९८ साली अमेरिकेत मंजूर झालेलं, हर-टूवरचं ट्रास्टुझुमॅब हे औषध द्यायचं की नाही, हे त्यावर ठरतं.

आणि ईआरचा रंग कुठंच उमटला नाही तर? तेव्हा नजर वळते शेजारच्या निरोगी दुग्धनलिकेकडे. तिच्या काही पेशी तपकिरी असायलाच हव्यात. त्याही निळ्याच असतील, तर तपासणीच फसली आहे. ती पुन्हा केली पाहिजे. घाईनं ‘निगेटिव्ह’ लिहिलं, तर ईआर पॉझिटिव्ह गाठींवर दिल्या जाणाऱ्या टॅमॉक्सिफेनसारख्या साध्या गोळीचा फायदा रुग्णाला कधी मिळणारच नाही.

फसण्याचं कारण बरेचदा ऑपरेशन थिएटरपासूनच सुरू होतं. काढलेली गाठ तासाभरात, काप देऊन, भरपूर फॉर्मॅलिनमध्ये पडली पाहिजे आणि ६ ते ७२ तास त्यात राहिली पाहिजे. उशीर झाला की प्रथिनं खराब होतात.

म्हणून शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांना निःसंकोच विचारा: गाठ फॉर्मॅलिनमध्ये कधी जाईल, प्रयोगशाळेत कधी पोहोचेल? दुसरं मत घ्यायचं असेल, तर नुसता कागद नेऊ नका. गाठीचा तुकडा ज्यात बसवलेला असतो तो मेणाचा ब्लॉक मागून घ्या. त्यातून नवे काप काढून ही तपासणी पुन्हा करता येते. तो तुमचा हक्काचा ठेवा आहे, जपून ठेवा.