पद येण्याआधी आणि पद गेल्यानंतर

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



लोकप्रतिनिधी म्हटले की आपल्याला विजयाची मिरवणूक आणि गुलाल आठवतो. परंतु प्रतिनिधीची खरी परीक्षा गुलाल उधळला जाण्यापूर्वी आणि तो धुऊन निघाल्यानंतर होत असते. श्री. राम नाईक यांची वाटचाल या दृष्टीने अभ्यासण्यासारखी आहे.

१९३४ साली सांगलीत जन्मलेले राम नाईक नोकरीसाठी मुंबईत आले आणि गोरेगावात राहू लागले. लोकलमधील गर्दीचे हाल हा त्यांचा रोजचाच अनुभव. १९६४ साली त्यांनी गोरेगाव प्रवासी संघ उभा केला. आमदारकी मिळाली ती १९७८ साली, म्हणजे तब्बल चौदा वर्षांनी. काम आधी होते, पद मागाहून आले. हा क्रम आपण नीट ध्यानात ठेवावा.

बोरीवलीतून तीनदा विधानसभेवर आणि १९८९ पासून उत्तर मुंबईतून सलग पाच वेळा लोकसभेवर ते निवडून गेले. त्या काळी हा मतदारसंघ उपनगरांपासून वसई-पालघरपर्यंत पसरलेला होता. चाकरमानी, कोळी, शेतकरी, वनवासी असे सर्व प्रकारचे मतदार त्यात होते. संसदेत 'वंदे मातरम्'चे गायन १९९२ साली सुरू झाले, त्यामागे त्यांचाच आग्रह होता. स्तनपानाच्या पुरस्कारासाठी त्यांनी अशासकीय विधेयक मांडले. पुढे १९९२ साली शासनाने त्याच विषयावर कायदा केला. १९९४ साली कर्करोगाने गाठले. त्यातून बरे होऊन ते पुन्हा कामाला लागले. १९९९ ते २००४ या काळात ते केंद्रात पेट्रोलियम मंत्री होते.

आणि २००४ साली पराभव झाला. समोर चित्रपट अभिनेते गोविंदा होते. सुमारे ४८ हजार मतांनी राम नाईक हरले. २००९ साली पुन्हा हरले, तेही सहा हजारांहून कमी मतांनी. अशा वेळी माणसाच्या मनात कडवटपणा येणे स्वाभाविक आहे. 'एवढे केले, तरी लोकांनी नाकारले,' असे म्हणून घरी बसले असते, तर कोणी दोष दिला नसता.

ते घरी बसले नाहीत. तारापूर अणुऊर्जा प्रकल्पामुळे अक्करपट्टी आणि पोफरण या गावांतील कुटुंबे विस्थापित झाली होती. त्यांच्या पुनर्वसनाचा लढा नाईकांनी उच्च न्यायालयात चालविला. विरार-डहाणू लोकलचा पाठपुरावाही सोडला नाही. ती गाडी एप्रिल २०१३ मध्ये धावली, तेव्हा त्यांच्याकडे कोणतेही निर्वाचित पद नव्हते.

आणखी एक गोष्ट. आपल्या कामाचा वार्षिक लेखी अहवाल मतदारांपुढे ठेवण्याचा परिपाठ रामभाऊ म्हाळगी यांनी घालून दिला होता. नाईकांनी तो निष्ठेने चालविला. २०१४ साली ते उत्तर प्रदेशचे राज्यपाल झाले. तेथे मतदारांना हिशेब देण्याचे बंधन नव्हते. तरीही 'राजभवन में राम नाईक' या नावाने त्यांचे कार्यवृत्त प्रसिद्ध होत राहिले.

आपल्यापैकी काहींना उद्या उमेदवारी मिळेल, काहींना मिळणार नाही. काही जिंकतील, काही हरतील. निकाल आपल्या हाती नसतो. पण निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कोणाच्या दारी जायचे, हे मात्र आपणच ठरवायचे असते. ते आजच ठरवून येथून निघू या.