रोजची गाडी, आवडीची गाडी

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या गच्चीवर झालेल्या कार्यक्रमातील भाषणाचा मजकूर)



कमिटीने मला ‘निवृत्तीनंतरची गुंतवणूक’ हा विषय सुचवला होता. मी म्हटलं, तो विषय मी पंचवीस वर्षं लिफ्टमध्ये फुकट बोलतोय, आता माईक कशाला? पण गेल्या दिवाळीत, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, मी नवी गाडी घेतली आणि लिफ्टमधला प्रश्न बदलला. आता तरुण मंडळी विचारतात, “काका, रोज चालवायला बरी आणि चालवताना मजाही येईल अशी कुठली घेऊ?” तर आज त्याच प्रश्नावर बोलतो.

बऱ्याच जणांना वाटतं की ‘मजा’ आणि ‘सोय’ या दोन सवती आहेत. एकीला आणलं की दुसरी रुसते. मला ते पटत नाही. आपण गाडी कुठे चालवतो हे एकदा नीट पाहिलं, की त्यांचं भांडण बरंचसं मिटतं.

बँकेची सवय जाता जात नाही. गाडी घ्यायच्या आधी एक आठवडा मी वही ठेवली. मंडई, डॉक्टर, बाणेरला मुलीकडे, एकदा स्टेशन. एकूण ६१ किलोमीटर भरले. त्यांतले चाळिसाच्या वर काटा गेला असे जेमतेम आठ. बाकी सगळं कर्वे रोड, नळस्टॉपचा सिग्नल, आणि पुढच्या रिक्षाच्या मागे काय लिहिलंय ते वाचणं. मग मला सांगा, दीडशेच्या वेगाला जमिनीला चिकटून राहणारी गाडी घेऊन मी काय करू? मला मजा हवी ती तीस-चाळीसच्या वेगात हवी.

आणि ती मिळते, बरं का. १९९१ साली स्टाफ लोनवर मारुती ८०० घेतली तेव्हा मी चिपळूण शाखेत होतो. ७९६ सीसीचं इंजिन, साधारण साडेसहाशे किलो वजन. कराडला जाताना कुंभार्ली घाटात दुसऱ्या गिअरवर ती अशी वळायची, की वळण संपलं याचं वाईट वाटायचं. त्याआधी सासऱ्यांची फियाट चालवली होती, स्टिअरिंगजवळच्या दांड्याने गिअर टाकायची. तिची ऐट वेगळी, पण घाटात हात भरून यायचे. त्या दोन गाड्यांनी मला एक गोष्ट शिकवली. मजा वेगात कमी असते. गाडी आपल्या मापाची असण्यात आणि हात फिरवला की लगेच ऐकण्यात जास्त असते.

आता माप म्हटलं की आपलं पार्किंग आलं. इमारत बांधली तेव्हा निम्म्या लोकांकडे स्कूटर होती आणि उरलेल्यांकडे मारुती. मी टेप लावून माझी जागा मोजली. रुंदी २३६ सेंटिमीटर. मारुती ८०० रुंदीला १४४, म्हणजे दोन्ही बाजू मिळून ९२ सेंटिमीटर मोकळे. आजची स्कॉर्पिओ-एन १९२ च्या आसपास, म्हणजे दोन्हीकडे मिळून ४४. आरसे धरलेच नाहीत मी. त्यातून दार उघडून बाहेर पडायचं तर आधी योगासनांचा क्लास लावावा लागेल. लांबीही बघा, पावणेपाच मीटरला थोडीच कमी. ती खांबाच्या पुढे येणार आणि मागच्याने हॉर्न वाजवला की खाली भांडण होणार. आपल्या मासिक सभेचे निम्मे विषय कुठून येतात ते तुम्हाला माहीतच आहे.

आमच्या घरी उमेदवार तीन होते. स्विफ्ट, इग्निस आणि पंच. स्विफ्ट चालवायला सर्वांत चपळ, यात मला शंका नाही. पण हिच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशन्स झालेली आहेत. मी शोरूममध्ये हिला प्रत्येक गाडीत तीनदा बसायला आणि तीनदा उतरायला लावलं. तो सेल्समन हसत होता. हसू दे. एकदा बसायला कुठलीही सीट चालते, तिसऱ्यांदा उठताना खरं कळतं. स्विफ्टची सीट खाली पडते; तिसऱ्या वेळी हिने दाराचा आधार घेतला आणि विषय संपला.

इग्निस मला मनापासून आवडली होती. लांबी ३.७ मीटर, चार सिलिंडरचं गुळगुळीत इंजिन, सीट उंच, वळायला तर जणू रिक्षाच. पण मुलीने ग्लोबल एनकॅपची २०२२ सालची चाचणी पुढे ठेवली. त्यात इग्निसला एक तारा आणि तेव्हाच्या स्विफ्टलाही एकच. पंचला २०२१ मध्ये मोठ्यांच्या सुरक्षिततेसाठी पाच मिळाले होते. मुलगी म्हणाली, “बाबा, तुमच्या शेजारी आई बसणार आहे.” यावर काय बोलणार? पंच घेतली, हाताच्या गिअरची. तीन सिलिंडरच्या इंजिनात थोडी थरथर असतेच, ती धरून चाललो. दारं नव्वद अंशांत उघडतात, जमिनीपासूनची उंची १८७ मिलिमीटर. पावसाळ्यानंतरच्या रस्त्यांवर ही उंची म्हणजेच मजा, कारण प्रत्येक खड्ड्याला श्वास रोखावा लागत नाही. दार मात्र पार्किंगमध्ये नव्वद अंश उघडायला जागा कुठली? म्हणून हिला गेटजवळ उतरवतो आणि मग गाडी आत लावतो.

हाताचा गिअर का, असं मुलगा विचारतो. ज्यांना रोज हिंजवडी गाठायची आहे त्यांनी ऑटोमॅटिकच घ्यावी, डाव्या पायाचे आशीर्वाद मिळतील. फक्त स्वस्तातली एएमटी आणि महागातली टॉर्क कन्व्हर्टर यांतला फरक चढावर, वाहतुकीत थांबत-थांबत चालवून बघा. माझं म्हणाल तर परवाना आता पाच-पाच वर्षांनीच नवा होतो आणि दर वेळी डॉक्टरचा दाखला लागतो. जोवर पाय साथ देतोय तोवर ताम्हिणीत गिअर मी टाकणार. विजेच्या गाडीबद्दलही विचारतात. शहरात पाय दाबला की तत्क्षणी उचलणारी दुसरी गाडी नाही, टियागो ईव्ही चालवून मी खूश झालो होतो. पण चार्जिंगच्या मीटरचा विषय आपल्या सर्वसाधारण सभेत दोनदा निघाला आणि दोनदा चहा आल्यावर संपला. कमिटीने मनावर घ्यावं.

पैशाचं थोडक्यात सांगतो, नाहीतर म्हणाल बँकवाला असून बोलला नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर जीएसटी १८ टक्के, मोठ्या गाड्यांवर ४०. आणि कर्ज घेताना कोणी “फक्त सात टक्के” म्हणालं तर विचारा, फ्लॅट की घटत्या शिलकीवर? पाच लाख, पाच वर्षं, सात टक्के फ्लॅट म्हणजे व्याज पावणेदोन लाख आणि हप्ता ११,२५०. घटत्या शिलकीच्या हिशोबाने तो दर साडेबारा टक्क्यांच्या घरात जातो. मला एका शोरूममध्ये अगदी हेच सांगण्यात आलं. मी हप्त्याचा आकडा कागदावर मागितला, तेव्हा त्या मुलाने साहेबांना बोलावलं.

आता ज्यासाठी मी खरं तर माईक हातात घेतला ते सांगतो. आपल्या आवारात संध्याकाळी पाच ते सात मुलं खेळतात. त्याच वेळी ऑफिसातून गाड्या येतात. ए विंगमधल्या माझ्या एका मित्राकडे उंच, मोठी गाडी आहे. त्याच्या परवानगीने मी एक प्रयोग केला. इंजिन बंद, चावी मित्राच्या खिशात, मी चालकाच्या सीटवर. माझी चार वर्षांची नात बॉनेटला चिकटून पुढे उभी. मला ती दिसली नाही. “आजोबा, मी इथे आहे!” असा आवाज येत होता, पण समोर नुसतं बॉनेट. ती एक-एक पाऊल मागे गेली. माझ्या मापाने साधारण चार पावलं गेल्यावर तिची रिबीन दिसली. माझ्या पंचमध्येही तिला दोन पावलं मागे जावं लागलं, म्हणजे मीही निर्धास्त नाही. मित्र काही न बोलता गाडीतून उतरला आणि पुढे जाऊन उभा राहिला.

२०१९ च्या जुलैपासून नव्या गाड्यांना मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे आहेत. पुढे तसं काही सक्तीचं नाही. पुढे आपले डोळेच. म्हणून तरुणांना माझं सांगणं की टेस्ट ड्राइव्ह हायवेवर नेऊ नका. गाडी इथे आणा, आपल्या उतारावरून, आपल्या गेटमधून. आपल्याच जागेत मागे घालून बघा. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला पुढे बसवा. आणि सर्वांत लहान मुलाएवढं काहीतरी बॉनेटसमोर ठेवून बघा, दिसतं का ते.

ज्यांच्याकडे मोठ्या गाड्या आहेतच, त्यांनी त्या विका असं मी म्हणत नाही. त्यांनी गेटपासून जागेपर्यंत काच खाली करून, पहिल्या गिअरवर यावं, एवढीच विनंती. कमिटीला मी अर्जही दिला आहे, की मुलांच्या खेळायच्या जागेभोवती पिवळा पट्टा मारावा. रंगाचा खर्च मी देतो.

येत्या रविवारी सकाळी आठ वाजता मी गेटजवळ असेन, नातीच्या उंचीचं प्लॅस्टिकचं स्टूल आणि खडू घेऊन. ज्यांना आपल्या गाडीचं माप घ्यायचं आहे त्यांनी चावी घेऊन खाली या. चहा आमच्याकडे.