दोन बारांमधली उसंत

दिवाळीच्या टिकल्या आठवतात ना? लाल कागदाच्या, मधोमध करडा ठिपका असलेल्या. आम्हां दोघा भावांत मिळून पत्र्याचं एकच पिस्तूल होतं. ईदीतले उरवलेले पैसे आम्ही दिवाळीच्या बाजारात उडवायचो. मी थोरला म्हणून पिस्तूल माझ्या हातात आणि टिकल्यांची डबी धाकट्याकडे. त्यानं बोटाच्या टोकावर एक टिकली घ्यायची, नीट बसवायची. मी चाप दाबायचा. फट्! मग पुढची टिकली. दोन बारांच्या मध्ये आमच्या गप्पा व्हायच्या, भांडण व्हायचं, 'आता माझी पाळी' व्हायचं. पुढे टिकल्यांचा रोल आला. एकदा आत घातला की लागोपाठ फटफटत राहायचं. धाकट्याला कामच उरलं नाही. तो थोडा वेळ नुसता उभा राहिला आणि घरात निघून गेला.

हे सारं मला आठवलं ते अमेरिकेत, इंडियाना राज्यात. काही वर्षांपूर्वी लेकीकडे गेलो होतो. तिच्या शेजारी एक निवृत्त शिक्षक राहत. त्यांना जुन्या शस्त्रांचा नाद. एके दिवशी ते मला फ्रेंडशिप नावाच्या गावी घेऊन गेले. हे त्या गावाचं खरोखरचं नाव. तिथं 1933 साली स्थापन झालेल्या ठासणीच्या बंदुकांच्या संघटनेचं मैदान आहे. ठासणीची बंदूक कोकणातल्या माणसाला नवी नाही. शेतराखणीसाठी परवान्यावर ती अजूनही बाळगली जाते. पण ठासणीचं रिव्हॉल्व्हरही असतं, हे मला ठाऊक नव्हतं.

चार दिवसांनी ते मला आपल्या नेहमीच्या नेमबाजीच्या जागी घेऊन गेले. टेबलावर दोन रिव्हॉल्व्हर ठेवली होती. दोन्ही इटलीत बनलेल्या नव्या प्रतिकृती. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात ही शस्त्रं पुराणवस्तूंतच मोडतात, म्हणून माझ्यासारख्या पाहुण्यालाही ती हाताळता येतात. ते म्हणाले, "निवडा."

एक होतं 1851 सालच्या कोल्ट नेव्हीसारखं. छत्तीस कॅलिबरचं, देखणं, हातात अगदी तोललेलं. याच्या चक्रावर पट्टी नसते, वरची बाजू उघडी. नळी एका पाचरीनं धरून ठेवलेली. दुसरं रेमिंग्टन, चव्वेचाळीस कॅलिबरचं. त्याच्या चक्रावरून लोखंडी पट्टी गेलेली, सांगाडा एकसंध, म्हणून मजबूत. त्याचं चक्रही चटकन निघतं. पण काळ्या दारूची राख चक्राच्या आसाशी साचली की रेमिंग्टन लवकर अडखळतं, आणि फुटलेल्या टोपीचा तुकडा आत पडला की कोल्ट अडतं. दोघांचेही गुण-दोष ऐकून मी कोल्ट उचललं. कारण विचाराल तर तेच अधिक सुंदर होतं. कवीनं शस्त्र निवडलं की असं होतं!

मग भरणं सुरू झालं. आधी चक्राची सहाही घरं पुसायची. तेलाचा अंश राहिला तर दारू पेटत नाही. प्रत्येक घराच्या मागं एक चिमुकली पोकळ नळी असते, तिच्यावर तांब्याची टोपी बसते. रिकाम्या घरांवर एकेक टोपी उडवून पाहायची. पिस्तुलाचं तोंड जमिनीवरच्या पानासमोर धरायचं. पान हललं की वाट मोकळी. मग घोडा अर्धा चढवायचा, म्हणजे चक्र हातानं फिरतं. दारू डब्यातून थेट ओतायची नाही. आत ठिणगी राहिली असेल तर सारा डबा हातात फुटेल. ती आधी मापात घ्यायची, मग घरात. माझ्या कोल्टला वीस ग्रेन, म्हणजे जेमतेम 1.3 ग्रॅम. आणि दारू काळीच हवी. आजच्या काडतुसातली बिनधुराची दारू घातली तर शस्त्रच फुटायचं.

त्यावर शिशाची गोल गोळी. ती घरापेक्षा केसभर मोठी असते. नळीखालची दांडी ओढली की गोळी आत दाबली जाते आणि कडेनं शिशाची बारीक कडी कातरून बाहेर येते. ती कडी दिसली म्हणजे गोळी घट्ट बसली. गोळी आणि दारू यांच्यात पोकळी राहता कामा नये. वरून वंगणाचा लेप, कारण ठिणगी शेजारच्या घरात शिरली तर दोन-तीन बार एकदम उडू शकतात. अशी पाच घरं भरायची. सहावं रिकामं ठेवून त्यावर घोडा टेकवायचा. टोप्या सगळ्यांत शेवटी, पिस्तुलाचं तोंड लक्ष्याकडे असताना. तोवर तोंडातून अवाक्षर नाही. बोलण्याच्या नादात एखाद्या घरात दारू दोनदा पडायची किंवा पडायचीच राहून जायची.

टोपी हातात घेतली आणि मला टिकलीच आठवली. ती टिकलीची थोरली बहीणच. 1807 साली अलेक्झांडर फोर्साइथ नावाच्या स्कॉटिश धर्मोपदेशकानं ठोका बसताच पेटणाऱ्या मिश्रणाचं पेटंट घेतलं. गृहस्थ पाखरांचे शिकारी. चकमकीच्या बंदुकीत आधी कानाशी रंजक भडके, मग बार होई. तेवढ्यात पाखरू सावध होऊन उडे. तो क्षणभराचा उशीर त्यांना नकोसा झाला होता. पाखराला मिळणारी उसंत त्यांनी काढून घेतली.

आणि ती काळी दारू? सोरा, गंधक, कोळसा. त्यातला सोराच सगळ्यांत जास्त, साधारण तीन चतुर्थांश. एकोणिसाव्या शतकात त्याचं मोठं कोठार होतं आपलं बिहार. तिथले नोनिया लोक लोणट माती खरवडून, पाण्यात विरघळवून, उकळून सोरा काढत. 1861 साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तेव्हा उत्तरेच्या सरकारसाठी ड्यू पाँट घराण्यातला लॅमॉट हा तरुण इंग्लंडला गेला तो हिंदुस्थानी सोरा विकत घ्यायलाच. अमेरिकन भावांनी अमेरिकन भावांवर झाडलेल्या गोळ्यांमागे बिहारची माती होती.

पाच घरं भरायला मला दहा-बारा मिनिटं लागली. गुरुजींचं काम चार मिनिटांत आटोपलं. मग मी घोडा चढवला, चाप ओढला. आवाज मोठा, धक्का मात्र सौम्य. पांढऱ्या धुराचा लोट समोर आला, लक्ष्य दिसेनासं झालं, आणि नाकात थेट नरकचतुर्दशीची पहाट शिरली. पाचही बार अर्ध्या मिनिटात संपले. पाचांतली एक गोळी कागदाला लागली, तीही कोपऱ्यात.

परतताना गुरुजींनी एक हकिगत सांगितली. टेक्सासात कोमांची लोकांशी गोऱ्या वसाहतवाल्यांच्या लढाया चालत. बंदूक एकबारी. बार झाला की पुन्हा भरायला वेळ लागे. कोमांची स्वार नेमकी त्याचीच वाट पाहत. समोरच्यांचे बार झाले की घोडे फेकत, आणि गोरा माणूस गज घालून दारू ठासतो आहे तोवर अनेक बाण सोडत. दोन बारांमधल्या त्या उसंतीवर त्यांचं जगणं टिकून होतं. 1844 सालच्या जूनमध्ये वॉकर्स क्रीक इथं जॅक हेजच्या सुमारे पंधरा रेंजर्सकडे कोल्टची पाचबारी पिस्तुलं होती. पहिला बार झाला. कोमांची नेहमीप्रमाणे पुढे आले. पण उसंत आलीच नाही. दुसरा बार, तिसरा, चौथा, पाचवा.

कोल्टचा कारखाना त्याआधीच, 1842 साली, बंद पडला होता. त्या लढाईत असलेल्या सॅम्युएल वॉकरनं 1846 साली कोल्टला पत्र लिहून ही हकिगत कळवली. मग सरकारकडून एक हजार पिस्तुलांची मागणी आली आणि कोल्टचा धंदा पुन्हा उभा राहिला. कोमांचींचे अखेरचे लढवय्ये 1875 साली शरण आले. हे एकट्या पिस्तुलानं झालं नाही. रोगराई होती, बायसनची बेसुमार कत्तल होती. पण त्या पाच बारांनी त्यांच्या पायाखालची एक फळी काढून घेतली, हे खरं.

मला वाटलं, कोल्टनं उसंत नाहीशी केली नव्हती. ती फक्त उचलून आधी नेऊन ठेवली. एकबारी बंदुकीत प्रत्येक बारानंतर माणसाला थांबावं लागे. थांबलं की समोरचा माणूस दिसे, धूर विरे, हात आवरायला वाव असे. इथं सगळं थांबणं भरतानाच होऊन जातं. टेबलाशी बसून, शांतपणे, समोर कुणीही नसताना. नंतर फक्त बोट हलायचं बाकी राहतं.

आता हे इतकं का सांगतोय? वडिलांच्या घराच्या वाटणीवरून धाकटा भाऊ आणि मी अकरा वर्षं बोलत नव्हतो. भांडण झालं दोन मिनिटांत. रागाच्या भरात बोललो, असं मी सगळ्यांना सांगत आलो. पण ते खरं नव्हतं. त्या दोन मिनिटांत मी बोललेलं प्रत्येक वाक्य कित्येक वर्षं मनात मापून ओतलेलं होतं, ठासलेलं होतं, वर लेप दिलेला होता. एकही घर मी रिकामं ठेवलं नव्हतं. पहिल्या वाक्यानंतर त्याचा चेहरा उतरला होता. तिथं थांबता आलं असतं. पण माझं चक्र फिरत राहिलं.

त्या रात्री लेकीच्या घरून मी त्याला फोन लावला. त्यानं उचलला. माझा आवाज ओळखून तो गप्प राहिला. काय बोलायचं, हे मी या वेळी आधी भरून ठेवलं नव्हतं. तोंडून एवढंच निघालं, "अरे, आपलं टिकल्यांचं पिस्तूल आठवतं का?"

बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग तो म्हणाला, "पिस्तूल तुझं होतं, भाई. टिकल्या माझ्याकडे असायच्या."

मी म्हणालो, "हो. एकेकच लाव."

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)