दिव्यांग बालकांचे पालक आणि गावाची जबाबदारी



मूल सहा महिन्यांचे झाले तरी मान धरत नाही, ही गोष्ट सर्वप्रथम आईच्या ध्यानात येते. ती सासूबाईंच्या कानावर घालते. "याचा बापही सगळ्याला उशिराच लागला होता," असे त्या म्हणतात आणि वर्ष निघून जाते. मग दृष्ट काढली जाते, नवस बोलले जातात, कोणी सांगेल त्या गावच्या वैद्याकडे खेपा होतात. शेवटी शहरातील डॉक्टर 'सेरेब्रल पाल्सी' असे निदान लिहून देतात आणि तो कागद घडी घालून दांपत्य एस.टी.ने घरी परतते. मुलाच्या अवस्थेला नाव मिळालेले असते. उद्या सकाळपासून काय करावयाचे, हे मात्र कोणी सांगितलेले नसते.

शहरातील सुशिक्षितांनाही ही वाट सोपी नव्हती. मुंबईत होर्मसजी व जेरबाई वकील यांनी आपल्या जय नावाच्या मुलीसाठी १९४४ साली शाळा काढली. डॉ. मिठू अलूर यांनी कन्या मालिनी हिच्या शिक्षणासाठी झगडता झगडता १९७२ साली 'स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया' स्थापन केली. या क्षेत्रातील पायाभूत काम पालकांनी केले आहे, हे शासकीय सेवकांनी विसरू नये. परंतु रोजंदारीवर जाणाऱ्या मातेने शाळा काढावी, अशी अपेक्षा कोण करील? तिला हवी असते ती नेमकी माहिती, तीही घराजवळ.

योजना नाहीत, असे म्हणता येणार नाही. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांना मान्यता दिली. महाराष्ट्रात २०२२ साली दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभागही झाला. अडचण आहे ती विखुरलेपणाची. प्रमाणपत्र व ओळखपत्रासाठी जिल्हा रुग्णालय, संजय गांधी निराधार अनुदान योजनेसाठी तहसील कार्यालय, शाळेसाठी शिक्षण विभाग, प्रवास सवलतीसाठी एस.टी.चे आगार. एकेका खेपेला एकेका दिवसाची मजुरी बुडते आणि एखादा दाखला राहिला, की "उद्या या" हे शब्द ऐकावे लागतात. ते उच्चारणाऱ्यास त्यांची किंमत ठाऊक नसते.

आरंभ अंगणवाडीपासून व्हावा. २०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून दोन वेळा अंगणवाडीत येऊन बालकांची तपासणी करते. परंतु ज्याची तपासणी सर्वांत निकडीची, तेच मूल बहुधा त्या दिवशी घरी ठेवलेले असते. अंगणवाडी सेविका व आशाताईंनी पथकाच्या तारखेची वर्दी अशा घरी आदल्या दिवशी स्वतः जाऊन द्यावी. पहिल्या काही वर्षांत सुरू झालेल्या व्यायामोपचाराने व श्रवणयंत्राने जे साधते, ते पुढे दुप्पट कष्टानेही साधेलच असे नाही.

ग्रामपंचायतींनी स्वउत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम दिव्यांगांच्या कल्याणासाठी खर्च करावयाची आहे. हा निधी पुष्कळदा मार्चअखेरीस घाईने वाटला जातो, छायाचित्र निघते आणि विषय संपतो. त्याऐवजी वर्षारंभीच पालकांना बोलावून "तुम्हांला कशाची गरज आहे?" एवढे विचारले, तरी खर्चाची दिशा बदलेल. ज्याला बसताच येत नाही, त्याला तीनचाकी सायकल देऊन काय उपयोग?

असे पालक एकत्र बसू लागले, की आणखी एक गोष्ट घडते. आसपासच्या चार-पाच गावांत मिळून आठ-दहा कुटुंबे सहज निघतील. महिन्यातून एकदा त्यांनी अंगणवाडीत किंवा शाळेच्या व्हरांड्यात जमावे. मुलाला निजवून न भरवता टेकवून बसवून भरवले तर ठसका कमी लागतो, झटका आला तर तोंडात काही घालू नये, कुशीवर वळवावे, या गोष्टी डॉक्टरांनी सांगितलेल्या असल्या तरी दुसऱ्या आईच्या तोंडून अधिक पटतात. "हे माझ्या कर्माचे फळ" ही समजूतही तेथेच ढिली पडू लागते. या बैठकीस वडिलांनीही आले पाहिजे. आज बहुतेक घरांत हा भार एकट्या आईवर आहे, हे स्पष्टपणे म्हटले पाहिजे.

शिक्षकांच्या बाबतीत एकच मुद्दा. ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षे वयाच्या मुलास जवळच्या शाळेत अथवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. "याला विशेष शाळेत घाला" असे सांगून दारातून परत पाठवणे हा सल्ला नव्हे, हक्काचा भंग आहे. घराबाहेर पडणेच शक्य नसलेल्या मुलांसाठी समग्र शिक्षा अभियानात गृहाधारित शिक्षणाची सोय आहे. तिची माहिती पालकांना मुख्याध्यापकांनी द्यावी.

राष्ट्रीय न्यासाच्या 'निरामय' योजनेत स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता व बहुविकलांगता असणाऱ्यांना वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत आरोग्य विमा मिळतो आणि त्यात नियमित उपचारांचाही खर्च धरला जातो. खेड्यापाड्यांत हे फार थोड्यांना ठाऊक आहे.

आणि सर्व पालकांच्या मनात एक प्रश्न असतो. तो रात्री झोप येऊ देत नाही. आपल्या पश्चात याचे कोण? १८ वर्षे पूर्ण झाल्यावर कायद्याच्या दृष्टीने मूल सज्ञान होते आणि आईवडिलांचे पालकत्वही आपोआप चालू राहत नाही. या चार प्रकारच्या दिव्यांगत्वांसाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमान्वये जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करून कायदेशीर पालक नेमून घेता येतो. पुढे बँकेचे खाते वा जमिनीचा हिस्सा यांचा प्रश्न आला, की या नेमणुकीचे मोल कळते. ग्रामपंचायतीच्या दप्तरी अशा मुलांची जन्मतारखांसह नोंदवही असेल, तर ज्यांना येत्या वर्षी अठरावे लागते आहे, त्यांच्या घरी सरपंचांनी किंवा सदस्यांनी एकदा जाऊन यावे आणि अर्जास लागणारी कागदपत्रे त्यांच्यासमवेत बसून लावून द्यावीत.