दुय्यम वस्तादाची मजुरी



व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी विषय विचारला तेव्हा आम्ही "अमेरिकेतील कॉलेजांची कुस्ती आणि तेथील दुय्यम प्रशिक्षक" असे सांगितले. ते जरा वेळ गप्पच राहिले. युनियनचा माणूस म्हणजे बोनस आणि महागाईभत्ता यांवर बोलणार, अशी त्यांची अपेक्षा असावी, आणि ती काही चुकीची नव्हे. आमचे शालेय शिक्षण नववीपर्यंतचे. इंग्रजी आम्ही शिकलो ते शब्दकोश शेजारी ठेवून कोर्टांचे निवाडे वाचता वाचता. ही खोड अजून सुटलेली नाही. या नादात अमेरिकेतील एक निवाडा हाती लागला. प्रश्न आमच्या ओळखीचा होता, मजुरी कोणी ठरवायची हा. पण फिर्यादी गिरणीकामगार नव्हते, कॉलेजांतील खेळांचे दुय्यम प्रशिक्षक होते. लहानपणी तालमीची माती अंगाला लागलेली, म्हणून त्यातून आम्ही कुस्तीकडे वळलो आणि चांगले दोन हिवाळे त्यातच गेले.

आपल्याकडे कॉलेज आणि कुस्ती हे दोन शब्द एकत्र आले की खाशाबा जाधवांची आठवण होते. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे ते विद्यार्थी. १९५२ साली हेलसिंकीला त्यांनी ब्राँझपदक मिळवले आणि जाण्यासाठी लोकवर्गणी काढावी लागली. आपली कुस्ती तालमीत वाढली, कॉलेजने तिला फार तर हात दिला. अमेरिकेत उलट आहे. तेथे शाळा-कॉलेज हीच तालीम. १९२८ पासून कॉलेजांची राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा भरते. लढत गादीवर होते, तीन डावांची: पहिला तीन मिनिटांचा, पुढचे दोन दोन-दोन मिनिटांचे. वजने दहा, १२५ पौंडांपासून २८५ पौंडांपर्यंत. म्हणजे आपल्या हिशेबाने सुमारे ५७ किलोपासून १२९ किलोपर्यंत.

आता हे दोन आकडे ध्यानात ठेवा, कारण दुय्यम प्रशिक्षकाची सारी नोकरी त्यांच्यात आहे. मुख्य वस्ताद एकटा. त्याला ५७ किलोच्या पोराशीही झोंबता येत नाही आणि १२९ किलोच्याशीही नाही. म्हणून हाताखालची माणसे वजन पाहून घ्यावी लागतात. एक हलक्या वजनांना, एक जड वजनांना. हा माणूस नुसता शिकवीत नाही, तो स्वतः खाली पडतो. एकच पकड पोराला जमेपर्यंत तो आपली मान, गुडघा, खांदा त्याच्या स्वाधीन करतो. पोरे चार-पाच वर्षांनी कॉलेज सोडतात, त्यांच्या जागी नवी विशीची पोरे येतात. हा मात्र दरवर्षी एका वर्षाने म्हातारा होतो. मागावरचा कामगार निदान आपले शरीर यंत्राला जुंपतो, येथे माणूस स्वतःच यंत्र.

झटापट संपली की काम संपले असेही नाही. शाळाशाळांतून होतकरू मल्ल हुडकणे, त्यांच्या आईबापांशी बोलणे, आपल्या पोरांचे परीक्षेतले गुण पाहणे, गाद्या जंतुनाशकाने पुसून घेणे, कारण एकाच्या अंगावरचे गजकर्ण आठवड्यात साऱ्या संघाला लागते. आणि वजनाचा काटा. त्या काट्याविषयी थोडे थांबून सांगितले पाहिजे. १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात, महिनाभराच्या आत-बाहेर, तीन निरनिराळ्या कॉलेजांतील तीन तरुण मल्ल वजन उतरवता उतरवता मेले. अंगात घाम काढणारे रबरी कपडे, तापवलेली खोली, पोटात पाणी नाही, आणि वर व्यायाम. त्यानंतर १९९८ साली नियम आले: रबरी कपडे बंद, घाम काढण्याच्या गरम खोल्या बंद, वजन लढतीच्या तोंडावर करायचे. आपल्या कारखाने कायद्याची कलमे ज्यांनी अपघातांच्या चौकशीत उभे राहून वाचली आहेत त्यांना हे नवे वाटणार नाही. तेव्हापासून पोरगा किती पाणी प्याला, किती सुकला, हे पाहणारा जवळचा डोळा बहुधा दुय्यमाचाच असतो.

दुय्यमाची जागा ही पायरी आहे, असे तेथे सांगतात. उदाहरण म्हणून डॅन गेबलचे नाव घेतात, आणि उदाहरण खरे आहे. आयोवा प्रांतातील वॉटर्लू गावचा हा मल्ल. कॉलेजात ११७ लढती जिंकला आणि एकच हरला. ती १९७० सालच्या राष्ट्रीय अंतिम लढतीत, लॅरी ओविंग्जकडून. १९७२ साली म्युनिकच्या ऑलिंपिकमध्ये त्याने एकही गुण न देता सुवर्णपदक घेतले, आणि त्यानंतर तो आयोवा विद्यापीठात आला तो दुय्यम प्रशिक्षक म्हणून. मुख्य होते गॅरी कुर्डेलमायर. चार हंगाम तो त्यांच्या हाताखाली राहिला. त्यातील १९७५ आणि १९७६ ची राष्ट्रीय अजिंक्यपदे कुर्डेलमायर यांच्या नावावर आहेत, आणि तसेच असायला हवे. गेबलला दुय्यम म्हणून आणण्याइतके मोठे मन त्यांचे होते. १९७६-७७ च्या हंगामापासून १९९७ पर्यंत गेबल मुख्य झाला आणि १५ अजिंक्यपदे घेऊन गेला.

पण पायरी म्हटली की वर मजला किती जणांना मिळतो हे विचारायला हवे. पगारी दुय्यम दोन आणि मुख्य एक, हा २०२३ पर्यंत तेथील वर्षानुवर्षांचा नियम होता. म्हणजे बहुतेकांना वर जागाच नाही. कित्येक जण आयुष्यभर दुसऱ्या खुर्चीवर बसतात. टेरी ब्रँड्स घ्या: दोनदा जगज्जेता, २००० साली सिडनीला ब्राँझपदक. २००८ साली तो आयोवाला आला तो आपल्याच जुळ्या भावाच्या, टॉमच्या, हाताखाली. ती त्याने आनंदाने घेतलेली जागा असेल. आम्ही तिला पायरी म्हणणार नाही. ते काम आहे, पुरे काम आहे, आणि त्याचा दाम कामासारखा असला पाहिजे.

येथे तो निवाडा येतो. खेळांचा कारभार पाहणारी कॉलेजांची मोठी संघटना आहे, नॅशनल कॉलेजिएट ॲथलेटिक असोसिएशन. मालकांची संघटनाच म्हणा. तिने १९९१ साली ठराव केला, आणि १९९२ पासून फुटबॉल सोडून वरच्या वर्गातील खेळांमध्ये दुय्यमाची एक जागा 'मर्यादित कमाईची' ठरवली: शाळेच्या वर्षात १२ हजार डॉलर, उन्हाळ्यात ४ हजार, एकूण १६ हजार. त्याआधी बास्केटबॉलमध्ये असल्या जागांवर ६० ते ७० हजार कमावणारी माणसे होती. बचाव असा की ही जागा शिकाऊंसाठी आहे. नवीन माणसाला संधी मिळावी, खर्च कमी व्हावा, लहान-मोठी कॉलेजे बरोबरीत राहावीत.

बास्केटबॉलचे दुय्यम कोर्टात गेले. फिर्यादीचे आडनावच लॉ, म्हणजे कायदा, योगायोग पाहा. कोर्टाने मक्तेदारीविरोधी शर्मन कायदा काढला, १८९० सालचा. कोर्टाचे म्हणणे थोडक्यात असे की साऱ्या खरेदीदारांनी एकत्र बसून श्रमाचा भाव बांधला, तर तो भाव बांधणेच होय. जागा शिकाऊंची म्हणता, तर अनुभवी माणसांना ती देऊ नये असे नियमात कोठे आहे? खर्च वाचला, एवढे कारण पुरत नाही. १९९५ साली निकाल, १९९८ च्या जानेवारीत अपिलात तोच कायम, आणि मे महिन्यात ज्युरीने २ कोटी २३ लक्ष डॉलर नुकसान ठरवले, जे कायद्याने तिप्पट होते. १९९९ साली ५ कोटी ४५ लक्षांवर तडजोड झाली. इतर खेळांचे दुय्यमही त्यात आले.

पण मालक एक दार बंद झाले की दुसरे ठेवतोच. 'स्वयंसेवक प्रशिक्षक' म्हणून एक जागा राहिली होती. त्याला पगार शून्य. संघाबरोबरचे जेवण आणि घरच्या सामन्यांची दोन फुकट तिकिटे, एवढे चाले. राहणे, खाणे, डॉक्टर हे त्याने उन्हाळी शिबिरे घेऊन किंवा एखाद्या क्लबच्या आधाराने भागवावे. कुस्तीतही ही जागा होती, आणि तिच्यावर उत्तम मल्ल वर्षे काढीत. २०२२ साली बेसबॉलचे स्वयंसेवक कोर्टात गेले. १ जुलै २०२३ पासून ही वर्गवारीच रद्द झाली आणि पगारी जागांची मर्यादा वाढली. कॉलेजने पगार द्यावाच, अशी सक्ती मात्र नाही.

एका बाबतीत तेथील प्रशिक्षकांशी आमचे जमत नाही. १९८१ ते १९९९ या काळात कुस्तीचे १७१ संघ कमी झाले, असे अमेरिकन सरकारच्याच हिशेबतपासनिसांनी २००१ मध्ये सांगितले. संघ गेला की दुय्यमाची नोकरी आधी जाते. प्रशिक्षकांच्या संघटनेने दोष दिला तो १९७२ च्या समानतेच्या कायद्याला, म्हणजे मुलींच्या खेळांना, आणि २००२ साली त्यावर दावाही लावला. तो टिकला नाही. अहो, त्याच कॉलेजांत फुटबॉलला ८५ शिष्यवृत्त्या आणि कुस्तीला ९.९, अशी वाटणी २०२५ पर्यंत होती! ताटातला घास कोणी नेला हे न पाहता शेजारणीच्या ताटाकडे बोट दाखवणे आम्ही गिरणीत पुष्कळ पाहिले आहे.

हे सारे आम्ही तुम्हांला एवढ्या आवेशाने सांगतो आहोत, पण एक गोष्ट लपवणे बरे नव्हे. आमच्या कचेरीत एक तरुण सहा वर्षे होता. पत्रके तोच काढी, फाटकसभा तोच जमवी, कामगार आयुक्तांकडच्या तारखा तोच सांभाळी. त्याला आम्ही प्रवासखर्च आणि चहा देत होतो. लग्न ठरल्यावर त्याने पगाराचे विचारले तेव्हा आम्ही म्हणालो, "अरे, चळवळ ही नोकरी नव्हे. येथे तू शिकतो आहेस." पंधरा दिवसांनी तो एका गोदामावर रखवालदार म्हणून लागला. त्या निवाड्यात 'शिकाऊंसाठीची जागा' हे शब्द आम्ही शब्दकोशात पाहून लिहून घेतले, आणि मग लक्षात आले की हे वाक्य आम्ही स्वतः बोललेलो आहोत.

आम्ही त्याला भेटायला गेलो. त्याने चहा मागवला, पैसे त्यानेच दिले. परत येण्याविषयी बोललो तर तो हसला आणि म्हणाला, "भाऊ, बारा तास उभा राहतो, पण सात तारखेला हातात पैसे पडतात."

गेल्या वर्षी पूर्णवेळ कार्यकर्त्यांना किमान वेतनाइतका पगार द्यावा असा ठराव आम्ही कार्यकारिणीपुढे मांडला. तो एका मताने पडला. पुढची बैठक जूनमध्ये आहे, आणि ठरावाचा कागद आताही आमच्या खिशात आहे.