छंदाचे देणे

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



सुतारकामाच्या छंदावर आम्ही चार शब्द बोलावेत, अशी आज्ञा झाली. आम्ही सुतार नव्हे. खडोलीत रविवारी रंधा-पटाशी घेऊन बसणारी पाच-सहा हौशी माणसे. कोणी शिक्षक, कोणी कारखान्यात फिटर. आपल्या हवेलीच्या रानात साग आहे, खैर आहे. पण आमच्या वाट्याला बहुधा जुन्या दारांच्या आणि खोक्यांच्या फळ्या येतात.

आरंभी वाटले, पुस्तक वाचून हे काम साधेल. काटेकोर मापे घेऊन एक स्टूल केले. पावसाळ्यात ते ठाकठीक होते. वैशाखात त्याची बैठक चिरली आणि पाय डुगडुगू लागले. शेजारच्या पाड्यावरील वृद्ध सुतारांनी ते पाहिले व म्हणाले, "मास्तर, लाकूड ओले होते. त्याला वाळायला सवड दिली नाहीत." मग त्यांनी समजावले : वाळताना लाकूड लांबीत फारसे आटत नाही, रुंदीत आटते. जुन्या दाराची मधली फळी चौकटीच्या खाचेत सैल बसवलेली असते, ती याचसाठी. पुढे पटाशीला धार लावण्यातच आमचे तीन रविवार गेले. त्यांनी एक पैसा घेतला नाही.

१९३७ सालची वर्धा परिषद आणि डॉ. झाकीर हुसेन समितीने शिक्षणात सुतारकामाला दिलेले स्थान, हे आम्ही परीक्षेसाठी पाठ केले होते. त्याचा अर्थ कळला तो या म्हाताऱ्यांच्या पडवीत. हजरत जकरिया सुतारकाम करीत, असे हदीस सांगते. सुतारमंडळी विश्वकर्म्याला पूजतात. हाताच्या कामाची थोरवी दोन्हीकडे मान्य आहे.

गेल्या पावसाळ्यात ते वारले. मुलगा कारखान्यात जातो. त्याने अवजारांची पेटी आमच्याकडे आणून दिली आणि सहज म्हणाला, "बाबांना तुमचे फार कौतुक होते. काम मात्र शेवटी कोणी देत नसे." त्या बोलण्यात राग नव्हता, पण आमच्या माना खाली गेल्या. त्यांच्या कसबाची आम्ही तोंडभर स्तुती केली, आणि घरची कपाटे बाजारातून तयार आणली!

हे देणे फेडायचे आहे. संस्थेची मागची खोली रविवारी सकाळी मिळावी. पेटी तेथे राहील, गावची मुले-मुली शिकतील. शिकवणाऱ्या सुताराचे मानधन आम्ही वर्गणीतून देऊ. आणि संस्थेला पुढे बाके लागतील तेव्हा बाजारात जाण्याआधी गावच्या सुताराला विचारावे, एवढी विनंती. शिष्यांचे कौतुक करणारे ते वृद्ध गुरू आज आपल्यात असते, तर पहिल्या बाकाची धार-कोर त्यांनीच तपासली असती.